देवगडजवळच्या आमच्या गावात मुंबईच्या मंडळातर्फे आठवी ते दहावीच्या मुलांना फुकट कॉम्प्युटर शिकवायचंय, सुरुवात कशी करावी?

गणपतीच्या सुट्टीत क्लास घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या, तेव्हा पोरं आरती-भजनात आणि तुम्ही पाहुण्यांत. बरा टाइम म्हणजे दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली की रिझल्टपर्यंतचा, फक्त तेव्हा आंब्याचं काम जोरात असतं म्हणून क्लास दुपारी ठेवा आणि सोडायची वेळ एसटी बघूनच ठरवा, नाहीतर लांबच्या वाडीतल्या मुली यायच्या बंद होतात.

लॅपटॉप जुनेच जमवा. विंडोज 10 चा फ्री सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, त्यामुळे बदलून बाजूला ठेवलेले लॅपटॉप मुंबईतल्या ऑफिसांत विचारलं तर मिळतील. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाका, 4 जीबी रॅमवर चालते आणि लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं) त्यातच येतं. कोडिंगला स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचा) मस्त आहे पण त्याचं ऑफिशियल ऑफलाइन ॲप लिनक्सला नाही, म्हणून टर्बोवॉर्पचं डेस्कटॉप ॲप घ्या, त्यात स्क्रॅचच चालतं, पावसात नेट गेलं तरी काम अडत नाही (लाइट गेली तर मात्र बॅटरीवर भरवसा, आणि जुन्या बॅटरीचं काय सांगावं!).

पण खरं सांगू का, आधी स्प्रेडशीट शिकवा. घरच्या आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, कुठल्या गिऱ्हाइकाला किती डझन गेले, पैसे आले की राहिले, एवढं पोराने मांडून दाखवलं की बाबाच त्याला क्लासला पाठवतात. एक दिवस यूपीआयला द्या, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही आणि फसवणूक झाली तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन, हे घरी आजीलाही सांगायला लावा.

सर्टिफिकेट, बॅनर वगैरे नंतर बघू.