सॉर्टचा बाण: आत्ताचा क्रम दाखवायचा की पुढचा?

टेबलच्या हेडरमधला, म्हणजे कॉलमच्या नावाशेजारचा, सॉर्टचा बाण आत्ताचा क्रम दाखवेल की क्लिक केल्यावर होणारा, यावरून तुमच्या टीममध्ये दोन तट पडलेत असं तुम्ही लिहिलंय. नेमकी इथेच मी पोळले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे तक्रारींचा टेबल होता. 'दाखल तारीख' हा कॉलम म्हणजे बटणच, तेव्हा बाणाने पुढची कृती सांगावी, हा हट्ट माझा. नव्या तक्रारी वर असताना बाणाचं टोक वर, म्हणजे 'क्लिक करा, जुन्या वर येतील'. लोकांनी अर्थ लावला, 'जुन्या वर आल्यात'. ते वरून एकेक तक्रार उचलत गेले आणि खरंच जुन्या होत्या त्या चौथ्या पानावर पडून राहिल्या. तीन आठवडे कोणाच्याच लक्षात आलं नाही. चूक कळल्यावर मंजुरी देणाऱ्या विभागाने 'मंजूर डिझाइनमध्ये बदल' म्हणून सगळे फॉर्म नव्याने भरून घेतले. एक बाण उलटा करायला! तोवर लोक चुकीच्याच यादीवर काम करत होते, याचा आजही संताप येतो.

तेव्हा माझं ठाम मत: बाण आत्ताचा क्रम दाखवणाराच हवा. वर टोक चढता, खाली टोक उतरता. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्येही असंच आहे, डोळ्यांना तीच सवय आहे. तारखेला मात्र नुसता बाण पुरत नाही. 'नवीन आधी' असं सरळ लिहा. चढती तारीख म्हणजे कुठली, हे कामाच्या घाईत कोण सोडवत बसणार?

सॉर्ट न झालेल्या कॉलमवर फिकट जोडबाण चालेल, पण चालू बाण नुसत्या रंगाने वेगळा करू नका, आकारही बदला. डब्ल्यूसीएजी 2.1 (वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीचे निकष) प्रमाणे अशा चिन्हाचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान 3:1 लागतो. बाणाची जागा आधीच राखून ठेवा, नाहीतर क्लिक केलं की हेडर हलतो. आणि 'एरिया-सॉर्ट' (कुठला कॉलम सॉर्ट झालाय हे सांगणारी कोडमधली खूण) नव्या कॉलमला लावताना जुन्यावरून काढायला विसरू नका. नाहीतर स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांना स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, दोन्ही कॉलम सॉर्ट झालेले सांगतो.

माझा अनुभव ऑफिसात दिवसभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. खरेदीच्या साइटवर कदाचित ड्रॉपडाउनच बरा पडेल.

जाता जाता: आकड्यांचा कॉलम तपासून घ्या. जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रॅमिंग भाषेतला सॉर्ट, तुलना कशी करायची ते न सांगता वापरला तर आकडेही मजकूर म्हणून लावतो: 100, 20, 3. मग बाण बरोबर असूनही लोक बाणालाच दोष देतात.