अमेरिकेत सहावीत स्पॅनिश सोडून लॅटिन घ्यावं का?
मुलगी लॅटिन मागतेय आणि तुम्हाला उपयोगाची शंका आहे, असं धरून चालू. स्वतःहून मागत असेल तर खुशाल घेऊ द्या. रोजच्या बोलण्यासाठी अर्थात स्पॅनिशच बरी.

मराठी घरातल्या मुलांना विभक्तीची तेवढी धास्ती नसते. 'कानिस पुएरुम मोर्देत' म्हणजे कुत्रा मुलाला चावतो. शब्द फिरवून 'पुएरुम कानिस मोर्देत' केलं तरी चावणारा कुत्राच, कारण शेवटचा 'उम' इथे आपल्या 'ला'चं काम करतो. इंग्रजीत एवढ्यानेच मुलगा कुत्र्याला चावायला धावेल!

खरी मजा रोमन संस्कृतीच्या तासाला. बऱ्याच वर्गांत सुरुवात पाँपेई या प्राचीन रोमन शहरातल्या केकिलियुसपासून होते. हा खराखुरा माणूस, लिलावांत पैसा फिरवणारा सावकार. १८७५ मध्ये त्याच्या घरात दीडशेहून जास्त लाकडी पाट्या सापडल्या. कुणाला किती दिले, साक्षीदार कोण, सगळं त्यांवर कोरलेलं. इ.स. ७९ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात त्यांचा कोळसा झाला, तरी बराच मजकूर वाचता आला. मुलं यात रमतात.

पाठांतर भरपूर असतं, ते चुकत नाही. तुमच्या हायस्कूलमध्ये लॅटिन पुढे आहे का, तेवढं आधी विचारून घ्या.