मराठवाड्यातून शनिवार-रविवारच्या सुट्टीत वाहता लाव्हा जवळून पाहता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे : छत्रपती संभाजीनगरहून शुक्रवारी रात्री निघायचं, वाहता लाव्हा अगदी जवळून पाहायचा आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं, तर कुठे जावं? सरळ उत्तर देतो. दोन दिवसांत हे जमणार नाही.

भारतात जागा ज्वालामुखी एकच आहे, अंदमानातलं बॅरन बेट. श्री विजयपुरमपासून, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरपासून, ते समुद्रात सुमारे 140 किलोमीटरवर आहे. दीडशेहून अधिक वर्षं गप्प राहून 1991 मध्ये तो पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतो. बेटावर वस्ती नाही आणि पर्यटकांना उतरूही देत नाहीत. परवानगी असलेल्या बोटीतून लांबूनच पाहायचं. दिवसा धूर दिसतो, रात्री नशीब असेल तर तोंडाशी लाली. अंदमानातल्याच बाराटांगला 'ज्वालामुखी' म्हणून जे दाखवतात तो चिखल आहे, थंड चिखल. त्यासाठी वेळ काढू नका.

त्यामुळे वाहता लाव्हा पाहायचा तर परदेशी जायला हवं, आणि आठ-दहा दिवस हातात हवेत. मी भूजल सर्वेक्षणाच्या कामात आयुष्य काढलं. विहिरीला जागा दाखवायची, खोदकामात लागलेला खडक पाहायचा, पाणी किती लागेल ते सांगायचं. म्हणजे गोठलेला लाव्हा रोजच्या रोज पाहिला. वाहता पाहिला तो 2016 मध्ये, मुलीकडे अमेरिकेला गेलो तेव्हा.

हवाईच्या मोठ्या बेटावर किलाउएआ नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या पूर्वेकडच्या उतारावरून 1983 पासून लाव्हा वाहत होता आणि त्या वर्षी त्याचा एक ओघ थेट समुद्राला जाऊन मिळाला होता. कालापाना गावाच्या बाजूनं जुन्या लाव्हावर खडी टाकून रस्ता केलेला. लोक भाड्याच्या सायकली घेऊन त्या रस्त्यानं जात. आम्ही स्थानिक वाटाड्या घेतला. सायकली ठेवून काळ्या, वेड्यावाकड्या दगडावरून बरंच चालल्यावर आधी तोंडावर झळ आली, मग दिसलं. उतारावर एक राखाडी फुगा हळूहळू वर येत होता. तो एका बाजूनं फाटला आणि आतून लालभडक रस बाहेर ओघळला. चार-पाच सेकंदांत त्यावर रुपेरी कातडी धरली. आतून दाब येतच होता, त्यामुळे कातडी फुगली, सुरकुतली, पुन्हा दुसरीकडे फाटली. कढईतून ओतलेला गूळ थंड होताना जशी साय धरतो आणि ती साय पुढे सरकून जशा वळ्या पडतात, हुबेहूब तसं. फक्त याचं तापमान अकराशे-साडेअकराशे अंश सेल्सिअस.

आवाजाची मला कल्पना नव्हती. काचेसारखा पापुद्रा थंड होताना तडकतो, त्यामुळे सगळीकडून बारीक तडतड ऐकू येते. वेग इतका कमी की आम्ही सावकाश मागे सरत होतो. शास्त्रीय भाषेत या प्रकाराला पाहोएहोए म्हणतात.

ते पाहताना मला आमच्या विहिरी आठवल्या. फुलंब्री म्हणा, भोकरदन म्हणा, खोदकामात उशा एकमेकींवर रचाव्यात तसे गोल कडांचे दगड निघतात. प्रत्येकाला बारीक कणांची काळी साल, तळाशी उभ्या नळ्यांसारखी छिद्रं, माथ्याकडे बुडबुड्यांची जाळी. हे पाहोएहोएचेच ओघळ असतात हे मी शिकलो होतो, इतरांना शिकवलंही होतं. पण साल आधी धरते आणि आतला रस नंतर फुगवतो, हा क्रम त्या संध्याकाळी डोळ्यांदेखत घडला. त्यानंतर विहिरीचा काठ पाहायची माझी नजरच बदलली.

तो ओघ आता नाही. 2018 मध्ये जमिनीखालच्या लाव्हानं वाट बदलली, खाली वस्तीत भेगा पडल्या, सातशेहून अधिक घरं गेली आणि पस्तीस वर्षं चाललेला तो उद्रेक संपला. 2024 च्या डिसेंबरपासून किलाउएआच्या मुख्य खळग्यात उंच कारंजी उडू लागली, तीही थांबून थांबून : काही तास उद्रेक, मग काही दिवस किंवा आठवडे शांतता. दृश्य भव्य असतं, पण पाहायचं ते खळग्याच्या काठावरून, लांबून. 'जवळून' हा तुमचा शब्द तिथे आज लागू पडत नाही.

मला विचाराल तर मराठवाड्याच्या माणसानं रियुनियनला जावं. हिंदी महासागरातलं हे फ्रान्सच्या ताब्यातलं बेट आहे. मुंबईहून मॉरिशस, आणि तिथून विमानानं पाऊण तास. (मॉरिशसमध्ये मराठी वंशाच्या लोकांची जुनी वस्ती आहे, तिथे एक मुक्काम करायला हरकत नाही.) रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा 2,632 मीटर उंचीचा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत कार्यशील ज्वालामुखींपैकी एक आहे. पण माझं कारण वेगळं आहे. पृथ्वीच्या पोटात तिथे जो उष्ण स्रोत आहे, त्याच्याच डोक्यावर 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड होता, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आपल्या पायाखालचा काळा दगड त्याच स्रोतातून आला. मग भारत उत्तरेला सरकत गेला, स्रोत जागीच राहिला आणि त्याच्या माथ्यावरून गेलेल्या समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उमटली : लक्षद्वीप-मालदीवचा कणा, मॉरिशस, शेवटी रियुनियन. वेरूळचा खडक जिथून आला ती चूल अजून पेटलेली आहे, आणि ती पाहता येते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

अडचण एवढीच की हा ज्वालामुखी तारीख देत नाही. एखाद्या वर्षात दोन-तीन वेळा उसळतो, तर 1992 ते 1998 अशी सलग काही वर्षं गप्पही होता. उद्रेक सुरू झाला की आतलं मोठं खोरं प्रशासन बंद करतं आणि ठरवून दिलेल्या जागांवरून पाहावं लागतं. तरी उद्रेक नसतानाही त्या खोऱ्यातून चालत जाता येतं. पूर्व किनाऱ्यावर तर 2007 च्या लाव्हानं गाडलेला हमरस्ता नव्यानं काढलाय आणि दोन्ही बाजूंना तो काळा ओघ पसरलेला दिसतो.

आइसलँडचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. 2021 मध्ये लोक तिथे अक्षरशः लाव्हाच्या काठाशी चालत गेले. 2023 च्या अखेरीस ग्रिंडाविक गाव रिकामं करावं लागलं आणि नंतरचे उद्रेक बहुतेकांनी लांबूनच पाहिले. इंडोनेशियातल्या इजेनच्या निळ्या ज्वाळा दाखवून कुणी सहल विकत असेल तर ध्यानात घ्या, तो जळणारा गंधक आहे, लाव्हा नाही.

सुरक्षिततेबद्दल मात्र नीट ऐका, कारण 'जवळून' या हट्टापायी माणसं जातात. सगळे ज्वालामुखी सारखे नसतात. पातळ रसाचे, म्हणजे हवाई-रियुनियनसारखे, साधारणपणे वाहतात. स्फोट होणाऱ्यांच्या जवळ जाऊ नये, मग सहलवाले काहीही म्हणोत. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर 9 डिसेंबर 2019 रोजी पर्यटक खळग्यापाशी असताना स्फोट झाला, 22 जण गेले. पातळ रसाच्या ठिकाणीही वारा पाठीमागून हवा, कारण सल्फर डायऑक्साइड दिसत नाही आणि दमेकऱ्याला काही मिनिटांत गाठतो. वर घट्ट दिसणारी साल आतून पोकळ असू शकते. आणि समुद्रात पडणाऱ्या लाव्हाच्या काठावर कधी, कधीही उभं राहू नका. आम्ही गेलो त्याच किनाऱ्यावर 31 डिसेंबर 2016 ला लाव्हानं तयार झालेली वीस एकरांहून अधिक जमीन समुद्रात कोसळली. रसाला पाणी लागून उठणारी पांढरी वाफही साधी नसते, तिच्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेचे कण असतात.

आता तुमच्या दोन दिवसांबद्दल. हे दोन दिवस मी तुम्हाला थंड लाव्हा वाचायला वापरायला सांगेन. बाहेर जाण्याआधी हे केलंत तर तिथे गेल्यावर दुप्पट दिसेल.

आपल्याकडे डोंगराच्या टोकावर खळगा शोधू नका. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून रस पसरला, थर थंड झाला, काळ गेला, पुन्हा नवा थर. आज उरलेला भागच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. काही ओघ गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीपर्यंत, सुमारे हजार किलोमीटर, पोचल्याचं मानलं जातं. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर अभ्यासासाठी 617 मीटर खोल छिद्र घेतलं, त्यातले वरचे 338 मीटर नुसते लाव्हाचे थर निघाले. त्याखाली थोडा गाळ, आणि मग फार जुना खडक.

शनिवारी सकाळी देवगिरी. खंदक कातळात कोरलेला आहे, त्याच्या भिंती निवांत पाहा. एकसंध काळा पाषाण कुठे आहे, छिद्रांचा मऊ थर कुठे सुरू होतो, हे शोधायचं. विहीर खोदणारे लोक त्या छिद्रांच्या थराला मांजऱ्या म्हणतात. किल्ला चढताना तुम्ही जुन्या लाव्हाकडून नव्याकडे जाता. दुपारी वेरूळ. कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात वरून खाली कोरत आणलं, साधारण शंभर फूट. खालून मूर्ती पाहून झाल्या की डोंगरावरच्या वाटेनं माथ्यावर जा आणि बाजूच्या कड्याकडे पाहा. दगडात पांढरे ठिपके दिसतील. ते लाव्हातल्या वायूचे बुडबुडे, पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी भरलेले. अजिंठ्याच्या वाटेवर विक्रेते जे चमकते स्फटिक दाखवतात, ते मोठ्या बुडबुड्यांत वाढलेले झिओलाइट आणि त्यांच्या जातीची खनिजं. लेण्यांतल्या दगडाला हात लावू नका, तुकडा काढणं तर दूरच.

रविवारी अजिंठा, आणि लेण्यांच्या आधी समोरच्या बाजूचा व्ह्यू पॉइंट. वाघूर नदीनं कापलेल्या त्या नालाकृती दरीत थरावर थर पायऱ्यांसारखे दिसतात. लेण्यांची रांग साधारण एका पातळीत आहे. मला वाटतं, कोरणाऱ्यांनी योग्य थर हेरला आणि तो सोडला नाही. घाटातून गाडी जात असेल तर कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांमध्ये तांबडा पट्टा शोधा, आपण गेरू म्हणतो तो. एक ओघ थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत त्याच्या पृष्ठभागाची माती होऊ लागली, आणि मग तिच्यावर नवा लाव्हा आला. दोन उद्रेकांमधली ती शांतता म्हणजे हा पट्टा. आपल्या विहिरींना पाणी लागतं ते बऱ्याचदा अशाच सांध्यात आणि मांजऱ्यात. घट्ट काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. मराठवाड्यात पाऊस पडूनही विहिरी का आटतात, याचं अर्धं कारण या कड्यात उघडं दिसतं.

हातात अजून एखादा दिवस असेल तर नांदेडकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला जा. तिथे लाव्हाची चादर संपते आणि खालचा जुना ग्रॅनाइट वर येतो.

लोणारबद्दलही कुणीतरी सांगेलच. ते बुलढाणा जिल्ह्यात, जालन्याहून जवळ. जरूर पाहा, पण तो ज्वालामुखी नाही. आपल्याच लाव्हाच्या खडकावर आदळलेल्या उल्केचा तो खड्डा आहे. किनवट तालुक्यातलं उनकेश्वरचं गरम पाणीही ज्वालामुखीचं लक्षण नाही. आणि हिंगोलीत पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येतात तेव्हा 'लाव्हा निघणार' अशा अफवा पसरतात. ते धक्के खडकातल्या ताणामुळे बसतात. तिथल्या माणसांची भीती खरी आहे, घरं जपायला हवीत. लाव्हाची भीती मात्र बाळगू नका, आपल्याखालचा स्रोत केव्हाच दूर राहिला.

शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. धूळ धुतलेली असते आणि थरांचे रंग स्पष्ट दिसतात. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं, तुमच्या बेतात ते आड येत नाही. वाटेत कुठे विहिरीचं खोदकाम चालू दिसलं तर मालकाला विचारून काठावरून पाहा. आत उतरू नका, आणि सुरुंग कधी लावणार ते आधी विचारून घ्या.