लोक अदालतीत मिटवा, पण पोस्टातली ठेव मोडू नका

वडोदऱ्याहून एका निवृत्त शिक्षिकेनं विचारलंय: 2017 मध्ये मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी सरकारी बँकेतून साडेसहा लाखांचं विनातारण शैक्षणिक कर्ज काढलं. त्या सहकर्जदार आहेत. पदवीनंतर बराच काळ नोकरी नव्हती, हप्ते थकले. व्याजासह देणं 9 लाख 20 हजारांवर गेलंय. बँक लोक अदालतीत 5 लाख 60 हजारांत मिटवायला तयार आहे. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेतली 15 लाखांची ठेव मोडून पैसे भरावेत, की बँक कर्ज राइट-ऑफ करेल म्हणून थांबावं? मुलगा आता मकरपुऱ्यात 38 हजारांवर नोकरीला आहे. त्याच्याकडे 1 लाख 40 हजार साठलेत, ताईंची बँकेत 4 लाखांची एफडी आहे.

ताई, थांबण्यात काही हाशील नाही. राइट-ऑफ ही बँकेच्या हिशेबवहीतली नोंद असते, त्यानंतरही वसुली चालूच राहते. साडेसात लाखांपर्यंतच्या अशा कर्जांसाठी 2015 पासून केंद्राची पतहमी योजना आहे. तीत बँकेला थकीत रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत भरपाई मिळू शकते, पण तुमचं देणं त्यानं रुपयानंही कमी होत नाही. तीन वर्षांनी बँकेची कोर्टात दावा लावायची मुदत संपते, असंही कुणी सांगेल. पण मुदतीच्या आत सही करून थकबाकी कबूल केली, तर ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात.

तेव्हा तडजोड घ्या. 3 लाख 60 हजारांची सूट लहान नाही. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदवहीत, दोघांच्याही नावापुढे 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता तडजोडीनं मिटवलेलं) लागेल, मुलाला गृहकर्ज काही वर्षं अवघड जाईल. पण थकबाकीचा डाग आधीच पडलेला आहे.

पोस्टातल्या ठेवीला मात्र हात लावू नका. त्या खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं होऊन गेली असली तरी एक टक्का, म्हणजे 15 हजार कापले जातील. आज 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 30,750 रुपये हातात येतात. कर्ज फेडून उरलेले सव्वानऊ लाख त्याच दरानं पुन्हा ठेवले, तरी जेमतेम 19 हजार येतील. तुमचा घरखर्च त्यावरच चालतो.

मी अशी मांडणी करेन: मुलाचे 1 लाख 40 हजार आणि एफडीतले अडीच लाख लगेच भरायचे. उरलेल्या 1 लाख 70 हजारांसाठी नऊ-दहा महिन्यांचे हप्ते मागायचे, ते मुलाच्या पगारातून जातील. बँका बहुधा तीन महिन्यांत सगळी रक्कम मागतात, पण हप्ते मागायला संकोच नको. हे हप्ते संपले की मुलानं दरमहा 15 हजार तुमच्या नावच्या आरडीत टाकावेत. हे त्याला आत्ताच, स्पष्ट सांगा. एफडीतले दीड लाख दुखण्याखुपण्याला राहू द्या.

हा प्रश्न तुमच्या एकट्या घराचा नाही, म्हणून थोडं बोलतो. आपल्याकडे अभ्यासक्रम संपून साधारण वर्ष झालं की हप्ता सुरू होतो, नोकरी असो वा नसो. ब्रिटनमध्ये ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या कमाईतून 9 टक्के पगारातूनच कापले जातात. कमाई नाही तर हप्ताही नाही. सरकारला शैक्षणिक कर्जांची वसुली खरोखर सुधारायची असेल, तर हप्ता कमाईशी बांधावा आणि पहिला हप्ता चुकताच मुलाशी बोलावं. नव्वद दिवसांनी खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरवून एजंट मागे लावल्यानं बेरोजगार मुलाकडे पैसे कुठून येणार?

एजंट रात्री नऊला तुमच्या जाऊबाईंना फोन करतो, असं लिहिलंत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीचे फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळेत करता येतात, आणि नातेवाइकांना त्रास देणं साफ मना आहे. बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो. पटलं नाही तर सही करायची सक्तीही नसते. हप्ता चुकला तर सूट रद्द होणार का, शेवटचा हप्ता भरल्यावर ना-देय दाखला किती दिवसांत मिळणार आणि सिबिलला कोण कळवणार, हे तिन्ही मसुद्यात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.