खणभर बोर्ड आणि गच्चीवरची टाकी

ऐरोलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. ‘दर महिन्याला नवा बोर्ड मागवतो. विचारलं तर म्हणतो, जुना आता कुणी वापरत नाही. कपाटाचा एक खण भरला. यात पुढे नोकरी आहे, की आत्ताच कॉम्प्युटरकडे वळवू?’

ताई, नमस्कार.

मुलगा थापा मारत नाहीये. हे बोर्ड म्हणजे चिप बसवलेल्या छोट्या पट्ट्या, त्यावर प्रोग्राम चढवून सेन्सर, डिस्प्ले चालवता येतात. जुन्या आर्डुइनो उनो बोर्डावर आमच्यासारख्यांनी हात बसवला, पण त्याला वायफाय नाही. २०१४ मध्ये ईएसपी८२६६ ही चिप असलेला बोर्ड आला आणि वायफाय स्वस्त झालं. २०१६ मध्ये ईएसपी३२ ब्लूटूथही घेऊन आला. आता त्याच कुटुंबातल्या सी६ सारख्या चिपवर झिगबी आणि थ्रेडही असतं, म्हणजे घरातली उपकरणं बिनतारी जोडायच्या पद्धती. २०२२ मध्ये ‘मॅटर’ हे मानक आलं, वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे-पंखे एकमेकांशी बोलावेत म्हणून. थ्रेडला मागणी आली ती त्यामुळे.

प्रश्न एवढाच, की बोर्ड का बदलला हे त्याला सांगता येतं का. आज जेवताना विचारा: ३२० बाय २४० ठिपक्यांचा रंगीत डिस्प्ले, एका ठिपक्याला दोन बाइट, तर अख्खं चित्र किती जागा खाईल? उत्तर १,५३,६०० बाइट, म्हणजे दीडशे केबी. उनोची रॅम, म्हणजे काम करताना वापरायची मेमरी, दोन केबी! ईएसपी३२ मध्ये ५२० केबी आहे, तिथे जमतं, पण वायफायही त्याच रॅममध्ये हात घालतं. ८०० बाय ४८० चा डिस्प्ले घेतला तर साडेसातशे केबी लागतात. म्हणून ईएसपी३२-एस३ च्या बऱ्याच बोर्डांवर पीएसरॅम नावाची जास्तीची मेमरी दिलेली असते. हे त्याने कागदावर मांडून दाखवलं तर निर्धास्त राहा. ‘व्हिडिओत असंच सांगितलंय’ म्हणाला, तर खरेदी थांबवा.

आणि एक काम द्या. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या डिस्प्लेवर दिसू दे. ऐकायला पोरखेळ वाटेल. पण टाकीच्या वाफेने आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा साधा अल्ट्रासॉनिक सेन्सर भलतेच आकडे दाखवू लागतो. दोन स्लॅब ओलांडून वायफाय पोचत नाही. वीज जाऊन आली की बोर्ड आपोआप नेटवर्कला जोडला जायला हवा. तो नाही जोडला, तर तुम्ही तीन दिवस जुनाच आकडा बघत बसाल. खणातल्या कुठल्याच बोर्डाने त्याला हे शिकवलेलं नाही. मुलाखतीत मी उमेदवारांना ‘काय बनवलं’पेक्षा ‘काय बिघडलं’ हेच जास्त विचारतो.

नोकरीचं म्हणाल, तर एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आतल्या चिपसाठी प्रोग्राम लिहायच्या कामात, सी भाषा, आरटीओएस (वेळेत काम करणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम), आयटूसी-एसपीआय (चिपने सेन्सरशी बोलायच्या पद्धती) आणि डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, वाचायची सवय लागते. बोर्डाचं नाव त्यानंतर. डिप्लोमाचे मार्क मात्र सांभाळायला सांगा, थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंग प्रवेशाला तेच लागतात. कॉम्प्युटरकडे वळवायची घाई नको. कोड लिहायचाच कंटाळा असेल तर तिकडेही त्याचं जमणार नाही.

नवा बोर्ड कधी? टाकीचं काम महिनाभर न अडखळता चाललं की. तोवर रिले (बोर्डाने चालणारा विजेचा स्विच) लावून गीझर चालू-बंद करतो म्हणाला, तर साफ नाही म्हणा. २३० व्होल्टला हात घालायचा तो कॉलेजच्या लॅबमध्ये, सर शेजारी उभे असताना.