मीटर राहू द्या, आधी हुक बघा

प्रश्न : काका, आमची साडेसहा एकर जमीन. चार एकर ऊस, बाकी ज्वारी-हरभरा. शेजारच्या गावात २०१६ सालचा ४२ एचपीचा ट्रॅक्टर विकायला आहे. मीटरवर ३,१०० तास. मालक म्हणतो, "चार हंगाम कारखान्याला ऊस ओढला, बाकी घरचंच काम." नवा रंग दिलाय, मागचे टायरही नवे. साडेतीन लाख सांगतोय. व्यवहार मिटवू का?
– एक वाचक, ता. माढा

उत्तर : इसार दिला नसेल तर थांबा, कारण मालकाचा हिशेब त्याच्याच बोलण्यात फसतोय. हंगाम चार-साडेचार महिन्यांचा. यार्डात नंबराला उभं राहण्याचा वेळ सोडला तरी इंजिन दिवसाला सहा तास चालणारच. १२० दिवस धरा, एका हंगामाचे ७२० तास झाले, चार हंगामांचे २,८८०. मग इतक्या वर्षांची घरची नांगरट, रोटर, पेरणी उरलेल्या २२० तासांत उरकली म्हणायची? एकतर मीटरची केबल तुटून पडली असेल, नाहीतर मीटरच बदललाय. जुन्या मीटरचा तास घड्याळाचा नसतो, इंजिनच्या फेऱ्यांवर पडतो, त्यामुळे हळू चालवलं की तास कमी पडतात हे खरं. पण भरल्या ट्रॉल्या रोडला ओढताना इंजिन हळू कोण चालवतो?

म्हणून मी गिऱ्हाइकाबरोबर ट्रॅक्टर बघायला गेलो की आधी मागं जातो. ट्रॉली जोडायच्या हुकाचं भोक आणि पिन बघा. भोक गोल न राहता लांबट झालं असेल, कडेला वेल्डिंगचे थर दिसत असतील, तर त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढल्यात. क्लच आणि ब्रेकच्या पायटीवरच्या (पेडलवरच्या) रेघा घासून गुळगुळीत झाल्यात का तेही बघा. रंगवाला बॉनेट चकाचक करतो, पायटीकडं त्याचं लक्ष जात नाही.

वाहतुकीच्या ट्रॅक्टरची दोन दुखणी महागडी, क्लच आणि क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांना ताकद पोचवणारे दातेरी गिअर). पुढचं मोकळं पटांगण बघून ब्रेक घट्ट दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचके खाऊन बंद पडलं तर क्लच ठीक. नुसतं घुरघुरत चालूच राहिलं तर प्लेट संपली. मग इंजिन बंद करून मागचं एक चाक जॅकवर घ्या, बाकीच्या चाकांना दगड लावा, ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवा आणि उचललेलं चाक हातानं पुढं-मागं हलवा. थोडा खेळ सगळ्यांनाच असतो. पण चाक बरंच फिरून मग 'टक्' करत असेल, तर क्राऊन-पिनियन झिजलेत, घरी आणल्यावर त्यांचं हाऊसिंग खोलावं लागणार.

इंजिन बघायचं ते थंड असताना. पोचल्या पोचल्या सायलेन्सरजवळ हात धरा. गरम लागला तर मालकानं तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलाय. चहा घ्या, गप्पा मारा, निवू द्या. थंड इंजिन चालू केलं की पहिला थोडा धूर माफ. निळा धूर जातच नसेल आणि ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभका वाफ येत असेल, तर लायनर-पिस्टन गेलेत, निदान हाफ इंजिनचा, म्हणजे अर्धं इंजिन खोलून बांधायचा, खर्च धरा. गिअरबॉक्सच्या ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. नांगर लिफ्टवर उचलून इंजिन बंद करा आणि कागदपत्रं चाळत बसा. तेवढ्यात नांगर जमिनीला टेकला तर लिफ्टचं काम आहे.

टायर नवे असतील तर चांगलंच, पण बाजूचे चार आकडे वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, टायरही लांबून नवाच दिसतो. रंगाचं म्हणाल तर जुना, उडालेला रंग मला जास्त आवडतो, त्यातून गळती तरी दिसते.

कागद : आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला नंबर आरसीशी ताडा. ट्रॉलीचं आरसी वेगळं असतं, ती 'सोबत देतो' म्हणाला तर तेही मागा. ट्रॅक्टर साखर कारखान्याच्या ऊस वाहतुकीच्या करारात अडकलाय का, त्यावर उचल बाकी आहे का, हे कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जाऊन विचारा. ते आरसीवर दिसेलच असं नाही.

किंमत न बघता सांगणार नाही. वरच्यातलं जे जे निघेल त्याचा खर्च तुमच्या मिस्त्रीकडून लिहून घ्या, साडेतीनातून वजा करा आणि मग बोलायला बसा. आणि राग मानू नका, पण साडेसहा एकराला ४२ एचपी दारात ठेवायचा तर भाड्याची कामं हवीत. ती नसतील तर नांगरट भाड्यानं करून घ्या, आंतरमशागतीला लहान ट्रॅक्टर पुरतो.

प्रश्न : आमचं मुळशीला कृषी पर्यटन केंद्र आहे. दीड एकर हिरवळ, मागं उतारावर एकरभर आंबा. बसून चालवायचं गवत कापण्याचं यंत्र घ्यायचं आहे. स्टिअरिंगचं घ्यावं की दोन दांड्यांचं, जागच्या जागी वळणारं? त्यालाच ट्रॉली लावून शेणखत ओढता येईल का?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : ताई, शेणखताचं आधी मनातून काढा. दुकानदार त्याला 'लॉन ट्रॅक्टर' म्हणतो, पण त्याचा मागचा गिअरबॉक्स हिरवळीवर फिरण्यापुरता असतो. वाळलेला पालापाचोळा ओढेल. ओल्या शेणखतानं, त्यातही चढावर, गिअरबॉक्सचं तेल तापून ओढ संपते, आणि बऱ्याच यंत्रांत तो खोलून दुरुस्त करायची सोय नसते.

आता उतार. फळी, स्पिरिट लेव्हल आणि टेप घ्या. एक मीटरच्या फळीचं वरचं टोक जमिनीवर टेकवून ती उताराच्या दिशेनं लेव्हलमध्ये धरा आणि उताराकडच्या टोकापासून जमिनीपर्यंत मोजा. २७ सेंटिमीटर म्हणजे १५ अंश. त्यापुढं असलं कुठलंच यंत्र नेऊ नका, ओल्या गवतावर तर त्याच्या आतही नको. दांड्यांच्या यंत्राची पुढची चाकं नुसती गरगर फिरणारी, वळवण्याचं सगळं काम मागच्या चाकांचं. ती घसरली की यंत्र तुमचं ऐकत नाही. झाडांभोवती ते छान वळतं, पण सपाटीवर. मुळशीचा पाऊस बघता मी स्टिअरिंगचं घेईन आणि आंब्याखाली ब्रश कटर (खांद्यावरचं गवत कापायचं यंत्र) चालवणारा माणूस लावीन.

४२ इंची पात्याचं घ्या. तासाला पाच किलोमीटरच्या चालीनं, पट्टे थोडे एकमेकांवर घेत, वळणं धरून तासाला एकराच्या आसपास होतं. पण गवत घोट्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. पावसात आठ-दहा दिवस कापणी चुकली आणि गुडघाभर झालं, तर पात्याखाली चिखलगवताचा गोळा बसतो आणि पट्टा जळतो. तुमच्याकडं असं दरवर्षी होत असेल, तर सरळ १५-२० एचपीचा लहान ट्रॅक्टर आणि मागं पीटीओवरचा (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारा) स्लॅशर, म्हणजे गवत झोडणारं पातं, घ्या. कापणी गालिच्यासारखी येणार नाही, पण तुमचं शेणखत जाईल.

घ्यायच्या आधी इंजिनच्या पुस्तिकेत इथेनॉलचं पान वाचा. बऱ्याच लहान इंजिनांना पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं, आपल्या पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. महिनाभर बंद राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून ठेवा. पट्टा, पाती आणि पात्याचं बेअरिंग पुण्यात मिळतं का, हे दुकानात नाही, दुरुस्तीवाल्याला विचारा.

प्रश्न : हरियाणातून ट्रॅक्टर स्वस्त मिळतात म्हणतात. आणावा का?
– एक वाचक, ता. सिल्लोड

उत्तर : तिकडच्या आरटीओची एनओसी, इथली नवी नोंदणी, ट्रकचं भाडं आणि दलाल, एवढं मिळवून मग किंमत बघा. शिवाय तो तिकडं भातात चिखलणीला राबला की लोडर लावून माती उपसायला, हे तुम्हाला कोण सांगणार? इथला असेल तर शेजाऱ्याला विचारता येतं. तरीही जायचंच असेल तर मिस्त्री सोबत न्या, आणि पुढचं ॲक्सल, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) आणि हब खोलायला लावा, अशा कामाची झीज तिथंच दिसते.