ख्रिसमस ट्रीवरचं सामान: आधी नाव लिहा, मग खोक्यात ठेवा

मुलीने बालवाडीत केलेला, डिंकाचे ओघळ वाळलेला कागदी तारा आणि सेलमध्ये घेतलेला चकचकीत गोळा एकाच खोक्यात पडले, की दहा वर्षांनी दोन्ही सारखीच अडगळ. तारा थोरलीचा की धाकट्याचा, यावर तोवर घरात वाद सुरू झालेला असतो. म्हणून आवराआवरीच्या दिवशी सगळ्यात आधी पेन्सिल घ्या.

ॲसिड-फ्री (आम्ल नसलेल्या) कागदाची तीन-चार सेंटीमीटरची चिठ्ठी कापा. वर्ष, करणाऱ्याचं किंवा देणाऱ्याचं नाव आणि तेव्हा राहत होतात ते गाव लिहून सुती दोऱ्याने कडीला बांधा. एका बाजूला देवनागरी, दुसऱ्या बाजूला मुलं सहज वाचतात ती लिपी. आजीने विणलेल्या घंटेवरची चिठ्ठी नातवंडांना वाचता येत नसेल तर ती बांधून उपयोग काय? काचेवर मात्र मार्कर चालवू नका. पुढे तो पुसायला गेलात तर खालचा रंगही निघेल.

काचेचं ऑर्नामेंट, म्हणजे ट्रीवर टांगायचा शोभेचा गोळा, हे नाजूक प्रकरण. जर्मनीत थुरिंगियातल्या लाउशा गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून असे गोळे फुंकले जाऊ लागले. जुन्या गोळ्याची चकाकी बहुधा आतून दिलेल्या चांदीच्या मुलाम्याची असते, रंग बाहेरून दिलेला. ओल्या फडक्याने बाहेरचा रंग सुटतो आणि गोळ्याच्या तोंडावरच्या, कडी असलेल्या टोपीतून पाणी आत शिरलं तर मुलामा काळवंडतो. काच पुसायचा फवारा तर नकोच. गोळा तळहातावर घ्या आणि मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा. टोपीला धरून उचलू नका, कारण ती आतल्या तारेच्या दोन पायांच्या ताणावरच अडकलेली असते. ताण गेला की गोळा खाली आणि टोपी फांदीवर! टोपी सैल वाटली तर तारेचे पाय चिमटीत दाबून ती बाहेर काढा, पाय जरा फाकवा आणि पुन्हा तसेच दाबून आत सोडा. मान तडकली असेल तर तो गोळा टांगू नका. बरणीत ठेवला तरी छान दिसतो.

मुलांच्या हाताचे ठसे घ्यायचे तर मिठाची कणीक सोपी: दोन कप मैदा, एक कप मीठ, पाऊण ते एक कप पाणी. पाणी थोडं थोडं घालून घट्ट मळा, पाच-सहा मिलिमीटर जाडीचं लाटा. भोक कडेपासून एक सेंटीमीटर आत, स्ट्रॉने. नाव आणि तारीख ओल्या कणकेवरच काडीने कोरा. ओव्हन ११०-१२० अंश सेल्सिअसवर, दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून. घाईने आच वाढवली की कणीक फुगते आणि ठसा जातो. पूर्ण गार झाल्यावर दोन्ही बाजूंना आणि भोकाच्या आतही व्हार्निशचे दोन हात द्या. एवढीशी जागा सुटली तरी मीठ तिथून ओल ओढतं आणि पुढच्या वर्षी हातात लगदा येतो. घरात कुत्रा असेल तर हे वरच्या फांद्यांवरच टांगा. इतकं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

खोकं तळघरात किंवा छपराखालच्या माळ्यावर ठेवू नका. एकीकडे ओल, दुसरीकडे उन्हाळ्यात भट्टी. राहत्या खोलीतलं कपाट उत्तम. बबल रॅप उष्णतेने रंगाला चिकटतो आणि वर्तमानपत्राची शाई उतरते, त्यामुळे प्रत्येक वस्तू ॲसिड-फ्री टिश्यूत गुंडाळून वेगळ्या कप्प्यात ठेवा. डांबरगोळ्या टाकू नका, काही प्लास्टिक त्यांच्या वाफेने मऊ पडतं. आणि गाणं वाजवणाऱ्या सांताच्या पोटातली बॅटरी! ती हमखास विसरली जाते आणि गळून सगळं खाऊन टाकते.

देश बदलताना काच हातातल्या सामानात न्या. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला निघाला असाल तर पाइनची बोंडं, गवत, बिया, लाकूड असलेलं काहीही आल्यावर फॉर्मवर जाहीर करावं लागतं. लपवून दंड भरण्यापेक्षा अशा वस्तूंचा आधी फोटो काढून ठेवा, कारण अडवलेली वस्तू परत मिळेलच असं नाही.

वाटणी मुलं घरात असतानाच करा. ज्याच्या नावाची चिठ्ठी, वस्तू त्याची. सामाईक वस्तूंसाठी पाळीपाळीने एकेक निवडू द्या, सुरुवात धाकट्याने करावी. घर सोडताना त्यांच्या हाती खोकं द्या, पण पहिल्याच वर्षी सगळं देऊन टाकू नका. होस्टेलच्या खोलीत एवढी मोठी ट्री नसते.